मेलेल्या हेराची बिले: एका विनोदी हेरपटाच्या पटकथेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

हेरगिरीवरची विनोदी पटकथा आजपासून लिहायला घेतली आहे. असे काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तर माझ्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

विषय सुचला तो हुआन पुजोल गार्सिया या दुहेरी हेराच्या हकिगतीवरून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला ‘गार्बो’ हे सांकेतिक नाव दिले होते. त्याआधी तो लिस्बनमध्ये बसून आपण ब्रिटनमध्ये असल्याची बतावणी करत जर्मनांना अहवाल पाठवत असे आणि रेल्वेच्या माहितीपुस्तकातील भाडी पाहून प्रवासखर्चही मागत असे. पौंड, शिलिंग आणि पेन्स यांची बेरीज त्याला जमत नसल्यामुळे तो नुसत्या बाबी लिहून पाठवी आणि एकूण रक्कम मागाहून कळवतो म्हणून सांगे. पुढे ब्रिटिशांच्या बाजूने काम करताना त्याने २७ काल्पनिक हस्तक उभे केले. त्यांतला लिव्हरपूलचा हस्तक ‘मेला’ तेव्हा वृत्तपत्रात निधनवार्ता छापून आणली गेली आणि त्याच्या अस्तित्वातच नसलेल्या विधवेला जर्मनांनी निवृत्तिवेतनही मंजूर केले.

हे वाचल्यावर मनात प्रश्न आला की, हा खर्च मंजूर करणारा कारकून कोण असेल? तोच माझा नायक. तो गुप्तचर खात्याच्या लेखाविभागात हेरांची प्रवासखर्चाची बिले तपासतो. तीन महिन्यांपूर्वी मेलेल्या एका हेराची बिले अजून येत आहेत, असे एके दिवशी त्याच्या ध्यानात येते आणि हरकत काढून तो स्वतः चौकशीला निघतो. बीज एवढेच आहे.

१५ जानेवारी

आठवडाभर जुने चित्रपट पाहण्यात घालवला. त्यातला निम्मा वेळ वाया गेला, कारण मी विनोद टिपत बसलो होतो. टिपायला हवे होते ते कोणती माहिती कोणाला केव्हा मिळते हे.

दोन चित्रपटांतून मात्र कामाची गोष्ट मिळाली. हिचकॉक यांच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) या चित्रपटात नायकाला ज्या हेराच्या नावाने पकडले जाते तो हेर मुळात अस्तित्वातच नाही, आणि नायकाला हे कळण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षकाला सांगून टाकलेले आहे. इव्ह रोबेर यांच्या १९७२ च्या फ्रेंच चित्रपटात बुटांचा विजोड जोड घातलेला एक व्हायोलिनवादक विमानतळावरच्या गर्दीतून केवळ योगायोगाने निवडला जातो आणि हेर म्हणून खात्यातल्याच प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात बांधला जातो. तो हेर नाही हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते, त्यालाच काय ते कळत नाही. हे दोन्ही मी वहीत नीट लिहून ठेवले आणि पुढचे पाच आठवडे त्याच्या नेमके उलट वागलो.

२१ फेब्रुवारी

पहिला खर्डा पूर्ण झाला असून तो १३४ पानांचा आहे. प्रचलित मांडणीत पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतात; म्हणजे विनोदी चित्रपटाला अर्धा तास जास्तच झाला. ‘कापता येईल’ अशी स्वतःची समजूत घालून वाचन ठरवले आहे.

१ मार्च

पाच जणांनी भूमिका वाटून घेऊन मोठ्याने वाचन केले. मी कोपऱ्यात बसून, कोणी हसले की त्या पानावर खूण करत होतो. पहिली खूण १९ व्या पानावर झाली आणि तीही वाचणाऱ्याची जीभ अडखळल्यामुळे. साठाव्या पानानंतर एकाने विचारले की, हा माणूस इतका बावळट आहे तर इतकी वर्षे याची नोकरी टिकली कशी? माझ्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी खात्याचा प्रमुखच फितूर आहे हे ११८ व्या पानावर उघड झाले तेव्हा कोणीही दचकले नाही. एकजण म्हणाला, ‘‘मला वाटलंच होतं.’’ दुसरा म्हणाला, ‘‘मला वाटलं नव्हतं, पण त्यानं काही बिघडत नाही.’’ दुसरे मत मला जास्त लागले.

४ मार्च

तीन दिवस खर्ड्याकडे पाहिले नाही. आज पाहिले आणि पहिली मोठी चूक सापडली.

मी नायकाला मूर्ख केले होते. तो दारावर आपटत होता, चुकीचे बटण दाबत होता, लपायला जाऊन तोफेच्या तोंडी सापडत होता. मूर्ख माणसाचे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे तिसऱ्या घसरणीनंतर हसू येत नाही. शिवाय मूर्ख माणूस मेलेल्या हेराची बिले पकडणार कशी? माझ्या बीजालाच माझी व्यक्तिरेखा छेद देत होती.

नव्याने ठरवले की, नायक आपल्या कामात अत्यंत हुशार आहे. त्याला कोणत्याही कागदावरची खाडाखोड दुरूनही दिसते. फक्त आपण कोणत्या जगात वावरतो आहोत याची त्याला कल्पना नाही. त्याच्या दृष्टीने हे एक थकलेले प्रकरण आहे, ते मिटवायचे, सही घ्यायची आणि परत यायचे. त्याच्या भोवतीच्या जगात मात्र प्रत्येक शब्दाला दुसरा अर्थ आहे. हे लिहिताना एक गोष्ट आपोआप हाती लागली, ती म्हणजे लेखाविभागाची भाषा आणि मारेकऱ्याची भाषा जवळजवळ एकच आहे. हिशेब चुकता करणे, खाते बंद करणे, प्रकरण निकाली काढणे, यादीतून नाव कमी करणे. एकही शब्द मला बनवावा लागला नाही.

त्या रात्रीच दलालाच्या भेटीचा प्रसंग पुन्हा लिहिला. गुप्त कागद विकणारा हा दलाल मेलेल्या हेराच्या बिलांवर साक्षीदार म्हणून सही करत असे, एवढ्या धाग्यावरून नायक त्याच्याकडे पोचतो.

‘‘आपली मागची बाकी बरीच आहे,’’ लेखापाल म्हणतो. ‘‘ती आजच चुकती झालेली बरी.’’

‘‘तुम्हाला कोणी पाठवलं?’’

‘‘वरून सांगणं आहे. खातं बंद केल्याशिवाय परत यायचं नाही.’’

‘‘थोडी मुदत द्या.’’

‘‘मुदत मागच्या महिन्यात संपली. मी स्वभावानं वाईट नाही, पण नियमापुढे माझा इलाज नाही.’’ एवढे बोलून तो पिशवीतून काहीतरी काढू लागतो. दलाल डोळे मिटून घेतो. पिशवीतून पावतीपुस्तक निघते, परंतु तोपर्यंत दलालाने सगळे सांगून टाकलेले असते.

पहिल्या खर्ड्यात या जागी साडेचार पानांची मारामारी होती. आता पावणेदोन पाने आहेत.

१० मार्च

आज एकही ओळ लिहिली नाही, तक्ता केला. उभ्या रकान्यांत प्रेक्षक, लेखापाल, साहेब म्हणजे खात्याचा प्रमुख, मेलेला हेर (जो खरे तर मेल्याचे सोंग करून लपला आहे), प्रतिपक्षाची हस्तक आणि दलाल, तर आडव्या ओळींत एकूण ६१ प्रसंग. प्रत्येक चौकोनात ‘या क्षणी याला काय ठाऊक आहे’ आणि ‘याची कोणती समजूत चुकीची आहे’ हे लिहायचे. या कामाला नऊ तास लागले. हा तक्ता खर्ड्याच्या आधी करायला हवा होता. तसे केले असते तर माझा निदान एक महिना वाचला असता.

तक्त्यात २६ प्रसंग असे निघाले की ज्यांत प्रेक्षकाला लेखापालाइतकेच किंवा त्याहून कमी ठाऊक होते. १ मार्चच्या खुणांशी ताडून पाहिले तर या २६ प्रसंगांत एकही खूण नव्हती. गंभीर हेरकथेत प्रेक्षकापासून लपवलेली गोष्ट कथेला पुढे ओढते. विनोदी हेरकथेत तीच गोष्ट बहुतेक वेळा हास्याचा गळा दाबते, कारण पात्र कोणत्या खड्ड्याकडे चालले आहे हे दिसल्याशिवाय त्याच्या ऐटबाज चालीचे हसू येत नाही.

म्हणून साहेबाच्या फितुरीचे रहस्य ११८ व्या पानावरून काढून ३१ व्या पानावर आणले. हात जड झाला होता, हे कबूल करतो. तेच माझे एकमेव मोठे रहस्य होते. पण त्याचा परिणाम असा झाला की, लेखापाल रोज संध्याकाळी साहेबाला करत असलेला दूरध्वनी, जो आधी निव्वळ माहिती देणारा कंटाळवाणा प्रसंग होता, तो अचानक जिवंत झाला. मुक्कामाच्या खर्चाला पूर्वमंजुरी लागते, म्हणून तो प्रामाणिकपणे आपला पत्ता, खोलीचा क्रमांक आणि उठण्याची वेळ सांगतो. साहेब ती लिहून घेतो. प्रेक्षकाला आता ठाऊक आहे की तो कोणासाठी लिहून घेतो आहे. लेखापाल फोन ठेवता ठेवता म्हणतो, ‘‘साहेब, इतकी आपुलकी मला खात्यात कोणी दाखवली नव्हती.’’

याने आणखी एक भोक बुजले. आधीच्या खर्ड्यात मारेकरी प्रत्येक वेळी योगायोगाने त्याच्यापर्यंत पोचत होते. आता तोच त्यांना नियमानुसार कळवतो.

१७ मार्च

भूमिकांचे काम सुरू केले. सर्व पात्रांची नावे खोडून टाकली आणि ठरवले की भूमिका पक्की होईपर्यंत कोणाला नाव द्यायचे नाही. नावे दिली की त्यांचा लळा लागतो आणि मग पात्र काढून टाकवत नाही. आधी कामे ठेवावीत, नावे मागाहून ठेवता येतात, दोन्ही अर्थांनी.

प्रत्येकासाठी एकच वाक्य लिहायचे: याला काय हवे आहे, याची कोणती समजूत चुकीची आहे आणि इतर याला काय समजतात. ज्याच्या वाक्याचा मधला भाग रिकामा राहील तो पटकथेबाहेर. या चाळणीतून नायकाचा बडबड्या गाडीचालक गळाला. तो गमतीदार बोलत असे, परंतु त्याची कोणतीही समजूत चुकीची नव्हती आणि इतरांचीही त्याच्याविषयी नव्हती. त्याची दोन चांगली वाक्ये वाचवण्यासाठी मी चार दिवस धडपडलो. शेवटी ती वाक्येही गेली.

प्रतिपक्षाच्या हस्तक बाईंची भूमिका सर्वांत जास्त बदलली. पहिल्या खर्ड्यात त्यांना दोनच कामे होती, नायकाकडे पाहून हसणे आणि त्याला संकटातून सोडवणे. वाचनात ही भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने, ‘‘मी या गोष्टीत नक्की कशासाठी आहे?’’ असे शांतपणे विचारले होते आणि मी काहीतरी गुळमुळीत बोललो होतो. आता त्यांचे वाक्य असे आहे: बाईंना मेलेल्या हेरापर्यंत सर्वांच्या आधी पोचायचे आहे, लेखापाल हा आपल्या पेशातला आजवरचा सर्वांत थंड डोक्याचा माणूस आहे अशी त्यांची चुकीची समजूत आहे, आणि खुद्द लेखापाल त्यांना दुसऱ्या खात्याच्या अंतर्गत लेखापरीक्षक समजतो.

महत्त्वाचे म्हणजे बाई कोठेही मूर्खपणा करत नाहीत. त्यांची निरीक्षणे अचूक असतात, तर्क बिनचूक असतो, चुकलेले असते ते फक्त पहिले गृहीतक. लेखापाल खानावळीत भिंतीला पाठ लावून बसतो, हे बाई टिपतात; तो वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून तसा बसलेला असतो. तो एकाच ठिकाणी दोनदा एका वाटेने जात नाही, कारण कोणत्या वाटेने भाडे कमी पडते हे त्याला पडताळायचे असते. तिसऱ्या दिवशी बाई त्याचे अनुकरण करू लागतात. हुशार माणसाने नेटाने आणि शिस्तीत केलेली चूक मूर्खाच्या घसरण्यापेक्षा कितीतरी जास्त हसवते, हे मला या भूमिकेने शिकवले.

२९ मार्च

ज्या मित्राला मी नवा आराखडा वाचायला दिला होता त्याने एकच प्रश्न विचारला आणि बारा दिवसांचे काम कोसळले. मेल्याचे सोंग करून लपलेला माणूस खर्चाची बिले पाठवेलच कशाला?

माझे उत्तर होते की तो लोभी आहे. मित्र म्हणाला, ‘‘हा एका वाक्याचा विनोद झाला, कथा यावर उभी राहणार नाही.’’ त्याचे म्हणणे बरोबर होते. विनोदी कथेतले पात्र विचित्र वागले तरी चालते, परंतु ज्या कृतीवर सगळी इमारत उभी आहे ती कृती गंभीर हेरकथेतही पटली पाहिजे.

२ एप्रिल

उत्तर सापडले आणि ते तक्त्यातच पडलेले होते. साहेबाच्या रकान्यात मी प्रत्येक ओळीत ‘बिलांविषयी काही ठाऊक नाही’ असे लिहिले होते. साहेब बिले कधीच वाचत नाही, डोळे झाकून सही करतो. खात्यात येणारा प्रत्येक अहवाल, प्रत्येक सांकेतिक संदेश त्याच्या टेबलावरून जातो. फक्त प्रवासखर्चाची बिले तो न वाचता लेखाविभागाकडे सोडतो. मेलेल्या हेराला फितूर कोण हे कळले आहे, म्हणून तर त्याने मरणाचे सोंग घेतले. खात्यापर्यंत ही गोष्ट पोचवायची तर फितुराच्या नजरेतून सुटणारा एकच कागद आहे. बिलांतल्या तारखा आणि ठिकाणे म्हणजे साहेब व दलाल यांच्या गुप्त भेटींची यादी आहे.

यामुळे सर्वजण ज्या वस्तूच्या मागे धावतात तिचाही प्रश्न सुटला. अशा वस्तूला हिचकॉक ‘मॅकगफिन’ म्हणत आणि ती नेमकी काय आहे याला महत्त्व नाही असे त्यांचे मत होते. ‘नटोरियस’ (१९४६) या त्यांच्या चित्रपटात दारूच्या बाटल्यांत दडवलेले युरेनियम होते, पण त्याऐवजी हिरे चालले असते असे ते सांगत. गंभीर कथेपुरते ते खरे असेल. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) होता आणि त्याच्या जागी काहीही चालले असते, हाच त्याचा दोष होता. विनोदी हेरकथेत वस्तू अशी हवी की तिच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ती वेगळी दिसावी. दलाल, साहेब आणि बाई जी यादी शोधत जगभर फिरतात ती लेखापालाच्या काखेतल्या फायलीत पहिल्या प्रसंगापासून आहे. त्याच्या दृष्टीने ती यादी नाही, ती एकवीस अपुरी बिले आहेत आणि त्यांतल्या सात बिलांना मूळ पावती जोडलेली नाही.

१२ एप्रिल

मध्यावर गाडी रुतली. लेखापालाचा गैरसमज ९० व्या पानापर्यंत ताणला होता आणि तो पन्नासाव्या पानानंतर थकवू लागला. प्रेक्षकाला सगळे ठाऊक आणि नायकाला काहीच नाही, ही स्थिती एका मर्यादेपलीकडे नेली की प्रेक्षक नायकावर चिडतो. शिवाय मी त्याला हुशार केले होते, मग हुशार माणसाला इतके दिवस काही कळत नाही हे पटणार कसे?

उलट, त्याला लवकर कळले तर गैरसमजाचा विनोदच संपतो. या कात्रीत मी आठ दिवस अडकलो. मधल्या काळात नैराश्याने एक पाठलागाचा प्रसंग लिहून काढला, अकरा पानांचा. त्याविषयी पुढे लिहीन.

२० एप्रिल

कात्री सुटली. ५६ व्या पानावर लेखापालाला सर्व कळते: दलालाच्या खोलीत त्याला खरा मृतदेह दिसतो, आणि आजवर लोक आपल्याला काय समजत होते याचा हिशेब त्याच्या डोक्यात एका क्षणात लागतो. तो पळून जाऊ शकत नाही, कारण ‘थंड डोक्याचा मारेकरी’ ही प्रतिमाच आता त्याचे एकमेव संरक्षण आहे. म्हणजे पहिल्या अर्ध्या भागात तो जे नकळत होता, ते दुसऱ्या अर्ध्या भागात त्याला जाणूनबुजून व्हावे लागते.

आणि ते त्याला जमत नाही. ‘‘मी हिशेब चुकता करायला आलो आहे’’ हेच वाक्य तो ८ व्या, २४ व्या आणि ४१ व्या पानांवर सहज म्हणतो आणि समोरचे गर्भगळीत होतात. ६३ व्या पानावर तो ते घाबरवण्यासाठी म्हणतो, आवाज फुटतो आणि समोरचा रखवालदार त्याला लेखाविभाग कोणत्या मजल्यावर आहे ते सांगतो. वाक्य तेच, फक्त बोलणाऱ्याला अर्थ कळला आहे. कथानकाचा मध्य म्हणजे नवी घटना, असे मी आजवर धरून चाललो होतो. येथे जुन्याच गोष्टीचे पारडे फिरले आणि तेवढ्याने पुढची पन्नास पाने चालू लागली.

२६ एप्रिल

पाठलागाची ती अकरा पाने काढली. सुधारणांसह त्यांवर एकूण सतरा दिवस गेले होते. प्रसंग वाईट नव्हता, पण त्यात कोणालाही काही नवे कळत नव्हते. तक्त्यातली ती ओळ वरच्या ओळीची नक्कल होती. कोणत्याही प्रसंगाआधीची आणि नंतरची ओळ सारखी असेल तर तो काढावा, असा नियम भिंतीवर लावला आहे. सतरा दिवसांत मिळालेला हा नियम जरा महागच पडला.

५ मे

खलनायकाविषयी. पहिल्या खर्ड्यात साहेबालाही मी विनोदी केले होते: त्याला मांजरांची भीती वाटे, तो शब्द विसरे. त्यामुळे मृत्यूही लुटुपुटूचा वाटत होता आणि मृत्यूची भीती गेली की लेखापालाच्या शांतपणात गंमत उरत नाही. आता साहेब एकदाही विनोद करत नाही. तो सभ्य, मृदू आणि चांगला ऐकणारा माणूस आहे. त्याच्या तोंडचे एकही वाक्य हसण्यासाठी नाही, तरी दूरध्वनीच्या प्रसंगांत सर्वांत मोठे हसू त्याच्या स्तब्धतेवर येते.

यावरून प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर एक खूण करू लागलो: येथे तोल कोणाचा जातो आहे? उत्तर एकच पात्र असले पाहिजे. दोन पात्रे एकाच वेळी विनोदी झाली तर दोघेही फुकट जातात. असे नऊ प्रसंग निघाले. सात दुरुस्त झाले, दोन काढले.

१८ मे

दुसरे वाचन, ११२ पाने. पहिली खूण तिसऱ्या पानावर. एकूण खुणा मोजल्या नाहीत, कारण मीच हसत होतो आणि ते विश्वासार्ह नाही. बाईंची भूमिका वाचणाऱ्या त्याच अभिनेत्रीने या वेळी फक्त एक सूचना केली: शेवटी बाईंना खरे कळते तेव्हा त्यांना राग यायला हवा, हसू नव्हे, इतके शिकून, इतके टिपून आपण एका कारकुनाचे शागीर्द झालो होतो याचा राग. ती सूचना तशीच्या तशी घेतली.

शेवट मात्र पडला. शेवटच्या चकमकीत लेखापालाच्या हातून चुकून गोळी सुटते आणि झुंबर साहेबावर कोसळते, असा शेवट होता. खोलीतली शांतता अवघड होती. योगायोगाने नायक संकटात पडला तर प्रेक्षक मान्य करतो, योगायोगाने सुटला तर फसवणूक झाल्यासारखे त्याला वाटते. हे मला ठाऊक होते. झुंबर कोसळण्याची मजा सोडवली नाही, एवढेच खरे.

२७ मे

शेवटाची दुसरी आवृत्ती: साहेब बिले न वाचता सही करतो हे दुसऱ्या प्रसंगात पेरलेलेच आहे, म्हणून वरिष्ठांच्या देखत लेखापाल त्याच्यापुढे गठ्ठा ठेवतो आणि साहेब दलालाकडून रक्कम मिळाल्याच्या पावतीवर न वाचता सही करतो. मी खूष होतो. मित्राने पुन्हा एकच प्रश्न विचारला: ज्याच्यावर संशय आला आहे असा माणूस त्या दिवशी न वाचता सही करेल का?

१ जून

करणार नाही. तो वाचेल. आणि उत्तर तेथेच होते.

आताचा प्रसंग असा आहे. वरिष्ठ बसलेले आहेत. लेखापाल नेहमीप्रमाणे चाळीस बिलांचा गठ्ठा पुढे ठेवतो. साहेब आयुष्यात पहिल्यांदा बिले वाचू लागतो, एकेक, बोट ठेवून. लेखापाल उभा राहून वाट पाहतो. साहेब अठरा बिलांवर सही करतो आणि एकोणिसाव्यावर थांबतो. ते एका खानावळीचे किरकोळ रकमेचे बिल आहे, त्यावर कोणाचेही नाव नाही. निर्दोष माणसाला त्यात थांबण्यासारखे काहीच नाही. त्या तारखेला त्या खानावळीत आपण होतो हे ज्याला ठाऊक आहे तोच तेथे थांबेल. लेखापाल विचारतो, ‘‘साहेब, या बिलात काही हरकत आहे का?’’ गोळी नाही, झुंबर नाही. नायक आपल्याच पेशाच्या बळावर जिंकतो, आणि दुसऱ्या प्रसंगातली पेरणी उलटी होऊन उगवते.

हा प्रसंग लिहायला चाळीस मिनिटे लागली. त्याच्या आधीच्या दोन चुकीच्या शेवटांना मिळून एकवीस दिवस लागले होते.

९ जून

तिसरा खर्डा १०७ पानांचा झाला. आरंभापासून पाच महिने गेले. लिहिलेली आणि टाकून दिलेली पाने मोजली तर ती ठेवलेल्या पानांपेक्षा जास्त भरतात. पात्रांना आज नावे दिली, त्याला वीस मिनिटे पुरली.

एक दोष अजून शिल्लक आहे. बाई ७१ व्या पानावरून ज्या जातात त्या थेट ८८ व्या पानावर उगवतात, आणि तक्त्यात मधले सगळे चौकोन रिकामे आहेत. मेलेल्या हेराचा ठावठिकाणा त्यांना याच मधल्या काळात लागायला हवा, बहुधा त्या सात बेपावती बिलांपैकी एखाद्यावरून. सोमवारी तेथून सुरुवात करणार आहे.